दरीच्या काठावरील विमानतळ आणि आपला सातबारा

उमापूरच्या व गेवराई तालुक्यातील नवदीक्षित बौद्ध बंधूंनो आणि भगिनींनो,

धम्मदीक्षा घेऊन आपण बावीस प्रतिज्ञांनी जुन्या दास्याचे जू मानेवरून उतरविले. मन मुक्त झाले. परंतु आपल्यातील ज्या कुटुंबांना मुकादमाची उचल फेडण्याकरिता कोयता घेऊन परमुलखातील उसाच्या फडात जावे लागते, त्यांचे पोट मुक्त झाले असे म्हणता येईल काय? पायाखालची जमीन परक्याची असेल, तर ताठ मानेनेही फार काळ उभे राहता येत नाही.

ह्या संदर्भात अमेरिकेतील एका लहानशा आदिवासी समाजाची हकीकत आपण ऐकावी. ॲरिझोना प्रांतात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅनियन ही प्रचंड दरी आहे. तिच्या पश्चिमेकडील काठावर हुआलापाई जमात राहते. १८७४ साली लष्कराने ह्या लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून दूरच्या रुक्ष छावणीत कोंडले. अनेक जण दगावले. उरले ते पुढील वर्षी परत आले. १८८३ साली सुमारे १० लक्ष एकरांचा प्रदेश त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला. पुढे रेल्वे कंपनीने त्यांच्या भूमीवर हक्क सांगितला. तो लढा त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९४१ साली न्यायालयाने मान्य केले की, पूर्वापार वहिवाटीतून जन्मलेला हक्क सरकारी सनदेवाचूनही हक्कच असतो. मागितलेली सर्व भूमी मिळाली नाही. परंतु हे तत्त्व प्रस्थापित झाले.

आज त्याच काठावर ह्या जमातीच्या मालकीचा लहानसा विमानतळ आहे. लास व्हेगास शहरातून छोटी विमाने प्रवाशांना घेऊन तेथे उतरतात. १९८८ पासून जमातीने तेथे पर्यटनाचा व्यवसाय चालविला आहे. दरी पाहावयास येणाऱ्याला मोबदला द्यावा लागतो तो जमिनीच्या खऱ्या धन्याला. देखावा निसर्गाचा, परंतु मालकी नसती, तर त्याच लोकांच्या हाती प्रवाशांचे ओझे वाहण्यापलीकडे काय उरले असते?

तथापि केवळ मालकीने सारे साधत नाही. २००७ साली तेथे दरीवर काचेचा सज्जा उभा राहिला, तो बाहेरच्या भांडवलदाराच्या पैशाने. उत्पन्नाच्या वाटणीवरून तंटा माजला. २०१२ साली जमातीने आपल्या कायद्याने त्याचे करारातील हक्क ताब्यात घेतले, तर लवादाने त्यास कोट्यवधी डॉलर देय ठरविले. कराराचा कागद नीट न पारखल्यास धन्यालाही किंमत मोजावी लागते. आणि पाणी? त्यांच्या सीमेला नदी १०८ मैल बिलगून वाहते. तरी तिच्या पाण्यावरील हक्काला कायद्याची मान्यता मिळावयास २०२३ साल उजाडावे लागले. नदी उशाशी आणि घागर रिकामी! महाडच्या तळ्यावर १९२७ साली पूज्य बाबासाहेब ज्या हक्कासाठी उभे ठाकले, त्याचे मोल आपणांस निराळे सांगावयास नको.

आपली स्थिती त्यांच्यासारखी नाही. आपणांजवळ राखीव प्रदेश नाही, स्वतःचे कायदेमंडळ नाही. आपला हक्क गायरानाच्या तुकड्यात आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली हजारो भूमिहीन त्यासाठी तुरुंगात गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी कसावयास घेतलेली गायराने नियमानुकूल करण्याची तरतूद झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले, तेव्हाही सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांस वा अनुसूचित जाती-जमातींस दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून नमूद केल्या. अर्थ उघड आहे: ज्याच्यापाशी कागद, त्याचे शेत वाचण्याचा संभव अधिक. केवळ घाम गाळला म्हणून तहसील कचेरी कोणास ओळखत नाही.

काही बंधू म्हणतात, बौद्धाने धनाचा मोह कशाला धरावा? तथागतांनी अनाथपिंडिकासारख्या गृहस्थाला दारिद्र्याचा उपदेश केला नाही. न्यायाने व स्वकष्टाने मिळविलेल्या धनाची त्यांनी प्रशंसाच केली. सम्यक् आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. दुसऱ्याच्या कर्जात बांधलेले श्रम ही सम्यक् आजीविका नव्हे.

म्हणून विनंती अशी की, फडावर निघण्यापूर्वी विहारात एकत्र जमावे. दंडाच्या पावत्या, पीकपेऱ्याच्या नोंदी आणि अतिक्रमणाच्या नोंदवहीतील, म्हणजे गाव नमुना १-इ मधील उतारे ज्यांच्याजवळ असतील, त्यांच्या नकला करून दोन साक्षर तरुणांच्या हवाली कराव्यात. सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लागावे, असा आग्रह धरावा. कोयता ती चालविते, मग मालकीत ती परकी का? लग्नासाठी वा दुखण्यासाठी शेत दुसऱ्याच्या घशात घालण्याची पाळी आलीच, तर आधी विहाराच्या सभेत बोलावे. एकट्याचा तुकडा सहज गिळला जातो. दहा कुटुंबांचा तुकडा गिळणाऱ्याच्या घशात अडकतो.

विमानतळ आपल्या वाट्यास येणार नाही, न येवो. परंतु आपल्या बांधावर येणाऱ्याने मालक कोण हे विचारले, तर त्याला आपले नाव सांगता आले पाहिजे.

जयभीम!