घोडा का अडला?

भाकरी का करपली, घोडा का अडला, पाने का सडली, या तिन्ही प्रश्नांना बिरबलाचे एकच उत्तर: न फिरविल्यामुळे! आपण सर्वांनीच हे लहानपणी ऐकलेले आहे. गेल्या महिन्यात आमच्या घरी या कोड्यातला घोडा पुन्हा अडला, आणि या खेपेला बिरबलाचे उत्तर काही पुरेना.

त्याचे असे झाले. धाकटी बहीण सकाळीच येऊन बसली. चहाला हात लावीना. "दादा, मिलिंदला आता तूच काय ते सांग," एवढेच म्हणाली. मिलिंद तिचा चिरंजीव, वय वर्षे वीस. पाच महिन्यांपासून कोपऱ्यावरच्या जिममध्ये जातो. तिथल्या कुणा 'अनुभवी' गड्याने त्याच्या कानात सांगितले की, व्यायामाने अंग आंबते, दुसऱ्या दिवशी वजन उचलवत नाही, त्यावर एक नामी इंजेक्शन आहे. थकवा चटकन भरून निघतो. शर्यतीच्या घोड्यांनासुद्धा देतात!

"मामा, लाखो रुपयांच्या घोड्याला कुणी वाईट वस्तू टोचील का?" मिलिंदने मला विचारले. प्रश्न बिनतोड होता. मी म्हटले, बस. अशाच एका घोड्याची गोष्ट ऐक.

अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यती पाच आठवड्यांत होत असत. तिन्ही जिंकणाऱ्याला 'ट्रिपल क्राऊन'चा मान. १९७८ नंतर तीस वर्षे तो कुणालाच मिळाला नव्हता. २००८ साली बिग ब्राऊन नावाचा घोडा पुढे आला. ३ मे रोजी त्याने केंटकी डर्बी जिंकली, १७ मे रोजी प्रीकनेस. ७ जूनला न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर तिसरी, दीड मैलांची शर्यत. सारा देश त्याच्या बाजूने. आणि शेवटच्या वळणावर घोड्यात जीवच उरला नाही! जॉकीने लगाम आवरला आणि बिग ब्राऊन सर्वांच्या मागून, शेवटचा आला.

आता यातली मेख. त्याचे ट्रेनर रिचर्ड डट्रो यांनी आधीच उघड सांगितले होते की, आपल्या घोड्यांना दर महिन्याला स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड टोचले जाते. बिग ब्राऊनला मात्र एप्रिलच्या मध्यानंतर ते दिलेले नाही. त्या तीन राज्यांत तेव्हा यावर बंदी नव्हती, म्हणजे चोरी अशी नव्हतीच. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक ज्याच्यापायी गेले, ते हेच औषध.

"म्हणजे औषध सुटले म्हणून घोडा हरला!" मिलिंद म्हणाला. इतके सरळ नाही, बाबा. त्या दिवशी उकाडा भयंकर होता, घोड्याच्या पुढच्या खुराला चीर गेलेली होती, त्यापायी सरावाचे दिवस बुडाले होते, आणि धावताना मागच्या पायाचा नाल सैल झाला होता. एका शर्यतीवरून निकाल देणारा न्यायाधीश मी तरी होणार नाही. पण तिसरी शर्यत पाच आठवड्यांत होती, हे विसरता येत नाही.

कारण घोड्याचा थकवा ही चीज आपल्यासारखी नाही. उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते. भरधाव धावताना सव्वादोनशेच्या घरात जाते. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा राखीव साठा असतो. धाव सुरू झाली की तो रक्तात ओतला जातो आणि रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण शेकडा चाळीसवरून साठाच्या पुढे चढते. असा दमदार प्राणी! पण खर्च झालेले भरून काढण्यात मात्र सावकाश. स्नायूंत साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती माणूस पोटभर जेवला तर साधारण एका दिवसात भरून येते. घोड्याला दोन ते तीन दिवस लागतात. त्याची मुख्य शिदोरी गवत. ते मोठ्या आतड्यात आंबून त्यातून साखर थोडी आणि मेदाम्ले फार मिळतात. लवकर भरावे म्हणून दाणा वाढवावा, तर पोटशूळ उठतो, नाहीतर खूर सुजतात.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला शर्यत संपल्यावर घोड्याला हळूहळू फिरवताना कुणी पाहिले असेल. त्या फिरवण्याने स्नायूंतले व रक्तातले लॅक्टिक आम्ल लवकर ओसरते. इथपर्यंत बिरबल बरोबर. पण पुढचे तीन दिवस फिरवून मिळत नाहीत.

मग इंजेक्शन काय करते? ही औषधे पुरुषी संप्रेरकाची भावंडे. भूक वाढते, स्नायूंत प्रथिने साठतात, अंग भरते. आजाराने खंगलेल्या घोड्यांना पशुवैद्य ती देत आले. 'घोड्यांनाही देतात' यातला खरा भाग एवढाच. धडधाकट घोडा त्याने जास्त पळतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तो जास्त कसरत सोसतो, असा तबेल्यांतला विश्वास. पण भरधाव घोड्याच्या एकेका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, आणि तो पेलतात हाडे आणि कंडरा. कंडरांना रक्तपुरवठा बेताचा. एकदा फाटली की सांधायला वर्षाच्या आसपास लागते. स्नायू फुगले म्हणून कंडरा काही त्यांच्या वेगाने तयार होत नाहीत.

बहीण चहा गरम करायला आत गेली, तेवढ्यात उरलेलेही सांगून घेतले. खच्ची घोडा आणि घोडीसुद्धा या औषधाने वळूसारखी आक्रमक वागू लागतात, घोडीचे ऋतुचक्र बिघडते, आणि खऱ्याखुऱ्या वळूचे बीज मात्र कमी होते. मिलिंदची मान खाली गेली.

"पण शर्यतीच्या वेळी तपासतात ना?" जरा वेळाने त्याने विचारले. तिथेच तर गोम आहे! २०१२ साली इंग्लंडमध्ये एन्के नावाच्या घोड्याने सेंट लेजर जिंकली आणि कॅमेलॉट या घोड्याचा तिहेरी मुकुट पाऊण लांबीने हुकवला. पुढच्या वर्षी न्यूमार्केटच्या त्याच तबेल्यातल्या अकरा घोड्यांत स्टेरॉइड सापडले, आणि नंतरच्या तपासणीत एन्केतही. ट्रेनर महमूद अल झरूनी यांचे म्हणणे, घोडे त्या वेळी शर्यतीत उतरत नव्हते, म्हणून हे नियमाविरुद्ध आहे असे वाटले नाही. त्यांना आठ वर्षांची बंदी झाली. औषध देतात सरावाच्या महिन्यांत, आणि शर्यतीच्या दिवसापर्यंत ते अंगातून गेलेले असू शकते. म्हणून २०१५ पासून ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या शिंगरापासून पुढे केव्हाही हे औषध वर्ज्य ठरले.

मिलिंद बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घोड्याला तीन दिवस. आणि मामा, मी गेले बारा दिवस सलग जातो आहे."

परवा रविवारी बहिणीचा फोन आला. नऊ वाजले होते, चिरंजीव अजून झोपलेले होते, आणि ती त्यांना उठवणार नव्हती.