विजेला मरण नाही, वीज कंपनीला आहे



परवा स्वाध्याय संपल्यावर आमच्यातली एक ताई हळूच म्हणाली, "ह्यांच्या फंडाची एफडी मोडतेय. भाचा म्हणतो, सगळे एकाच वीज कंपनीच्या शेअरमध्ये घाल. विजेला काय मरण आहे?" यजमान गेल्यावर तिच्याजवळ तेवढीच पुंजी उरलीय. म्हणून आज जरा रागानेच लिहितेय.

बी.कॉम. होऊन मला चाळीस वर्षं झाली, पण एवढं कळतं की विजेला मरण नसलं तरी वीज कंपनीला असतं. आपल्या रत्नागिरीतला दाभोळचा प्रकल्प आठवतो ना? त्यामागची एन्रॉन ही अमेरिकेतली नावाजलेली ऊर्जा कंपनी. ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर ९० डॉलरच्या घरात होता. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं निघालं तेव्हा त्याला एक डॉलरही मिळत नव्हता. हजारो कर्मचाऱ्यांची म्हातारपणाची पुंजी त्याच शेअरमध्ये होती. नोकरी गेली, पुंजीही गेली. अमेरिकेतले दिवे मात्र लागतच राहिले.

जागतिक इंडेक्स फंडाचं तसं नाही. एमएससीआय वर्ल्ड निर्देशांकात २३ विकसित देशांतल्या हजाराहून अधिक कंपन्या आहेत. त्यात ऊर्जा आहे, औषधं आहेत, बँकाही आहेत. एक वाटी सांडली म्हणून ताट उपडं होत नाही. पडतो तोही; २००८ साली सुमारे ४० टक्के पडला होता. म्हणून पुढची सात-आठ वर्षं लागणार नाही तोच पैसा तिथे.

"पण त्यात दारूच्याही कंपन्या असतात!" हरकत खरी आहे. ज्यांना ती बोचते त्यांनी फंड घेऊच नये, एफडीत राहावं. पण मग कोळसा जाळणारी कंपनी कशी चालते? श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहेच की! फंड नाकारताना धर्म आठवायचा आणि शेअर घेताना विसरायचा, हे बरं नव्हे.

मुलांना आपण अनेकांत शिकवतो आणि स्वतः एका कंपनीवर सगळं लावतो. हा एकांतच झाला.

ताई, एफडी मोडू नकोस. हौस असेल तर बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, एवढेच पैसे शेअरला दे. परिग्रहाला मर्यादा घालतो, तशी जोखमीलाही घालूया.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.