पटावरचे मोहरे आणि वर्गातील समता

मुलांची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून शाळेत बुद्धिबळ शिकवा, असे सांगितले जाते. आर्मेनिया देशाने तर २०११ साली प्राथमिक शाळांत हा विषय सक्तीचा केला. चांगलेच आहे. परंतु या पटाचा खरा उपयोग नागरिकशास्त्राच्या तासाला आहे. जिथे समतेची कलमे नुसती पाठ करून घेतली जातात, तिथे एक पट मांडा!

दोन विद्यार्थी समोरासमोर बसवा. एकाला सोळाही मोहरे द्या. दुसऱ्याला फक्त राजा आणि आठ प्यादी. नियम दोघांना सारखे, वेळही सारखा. निकाल सांगायला ज्योतिषी नको! मग विचारा, हरलेला मुलगा बुद्धीने कमी होता काय? अख्खा वर्ग 'नाही' म्हणेल. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना जे उमगत नाही, ते सातवीतल्या पोराला दहा मिनिटांत कळते. आता त्याचे वजीर, हत्ती, उंट, घोडे पटावर परत ठेवा. संविधानाच्या कलम १६(४) चा अर्थ हाच. आरक्षण ही खिरापत नव्हे. हिरावून घेतलेले मोहरे परत मांडणे होय!

दुसरा धडा नियमांचा. आज सर्वांत बलवान असलेला वजीर जुन्या खेळात तिरपे एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची चाल बदलली. नियम माणसांनी केले, माणसांनीच बदलले. मग मनूचेच नियम अपरिवर्तनीय कसे? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन का झाले, हे विद्यार्थ्याला इथे उमजते.

एक सावधगिरी मात्र हवी. 'प्यादेही चालत राहिले की वजीर होते, तुम्हीही कष्ट करा,' एवढे सांगून गुरुजी मोकळे होतात. पटावरच्या प्याद्याला शेवटच्या घरात कुणी जात विचारत नाही. आपल्या समाजात मात्र खुर्चीवर पोचलेल्यालाही ती विचारली जाते! राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. खेळ आणि समाज यांतला हा फरक सांगितल्याशिवाय धडा पूर्ण होत नाही.

शिक्षकबांधवांनो, पट महाग नाही. शाळेत जमत नसेल तर वस्तीतल्या बुद्धविहारात, अभ्यासिकेत मांडा. डाव कोण जिंकतो हे महत्त्वाचे नाही. मांडणी कुणी केली, हा प्रश्न मुलांनी विचारायला शिकले पाहिजे.