सात दिवसांची आठवण

गेल्या सात दिवसांत, एका वेळी निदान दहा मिनिटे, मध्यम श्रमाची हालचाल किती दिवस केलीत? हा प्रश्न आपण ओपीडीत आणि वस्तीतल्या पाहणीत सतत विचारतो. समोरची बाई म्हणते, "व्यायाम? छे हो, वेळच मिळत नाही." पाच घरची धुणीभांडी उरकून, चार-चार जिने चढून-उतरून आलेली ती बाई आपल्या फॉर्मवर 'निष्क्रिय' ठरते. ती खोटे बोललेली नाही. हालचाल म्हणजे व्यायाम असे ती समजली आणि आपण पुढे खोदून विचारले नाही.

हाच प्रश्न विचारणारी आयपॅक ही शारीरिक हालचालींची प्रश्नावली २००० साली १२ देशांतल्या १४ केंद्रांवर तपासली गेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर उत्तरांतला सहसंबंध ०.८ च्या आसपास होता; ॲक्सेलरोमीटर या हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या नोंदींशी मात्र जेमतेम ०.३. आपल्याकडच्या प्रबंधांत पहिला आकडा ठळक येतो, दुसरा येतच नाही. पण माणूस तीच चूक दोनदा अगदी सारखी करू शकतो. इंग्लंडच्या २००८ च्या आरोग्य पाहणीत ३९ टक्के पुरुष आणि २९ टक्के स्त्रिया स्वतःच्या सांगण्यावरून पुरेशा सक्रिय होत्या. यंत्र बांधल्यावर हेच प्रमाण ६ आणि ४ टक्क्यांवर आले.

म्हणून यंत्राचे तेवढे खरे, असेही मी म्हणणार नाही. कमरेवरच्या यंत्राला पावले कळतात. बसून भाकऱ्या थापणारे किंवा कपडे घासणारे हात त्याला जवळजवळ दिसत नाहीत, सायकलही नीट कळत नाही. प्रश्नावलीचेही असेच. आयपॅकच्या गुणांकनात कोणत्याही एका प्रकारच्या हालचालीची दिवसाची वेळ १८० मिनिटांवर छाटतात. फुगवून सांगणाऱ्यांसाठी हा नियम ठीक आहे, पण सहा तास राबणाऱ्या घरकामगार स्त्रीचे निम्मे श्रम त्यात जातात. शहरातल्या सर्वांत कष्टाळू माणसांवरच हा अन्याय होतो, आणि तो मला बोचतो.

एक गैरसमज मात्र आता थांबायलाच हवा. सहसंबंध म्हणजे जुळणी नव्हे. सगळ्यांनी आपली वेळ नेमकी दुप्पट सांगितली तरी सहसंबंध पूर्ण १ येईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्येच दाखवून दिले की दोन पद्धतींतल्या फरकाची सरासरी आणि त्या फरकाचा पसारा पाहावा लागतो. रुग्णाला 'अजून किती चाला' हे सांगायचे तर आपल्याला मिनिटांतली चूकच कळायला हवी.

यापुढे मराठी प्रश्नावलीवरचा लेख पाठवताना या फरकांचा ब्लँड-ऑल्टमन आलेख जोडावा, ही विनंती. शब्दही तपासा. 'मध्यम श्रम' कोणालाच कळत नाही. 'धाप थोडी वाढते, पण बोलता येते' हे कळते. व्यायामाचे आधी विचारू नका. कामाचे, येण्याजाण्याचे, घरातले विचारा; दादरचा पूल रोज दोनदा चढणाऱ्याला तो पूल आठवून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सलग दहा मिनिटांची अट ठेवलेली नाही, त्यामुळे ते जिनेही आता मोजायचे आहेत. आणि पाहणीचा आठवडा कोणता होता, ते लेखात जरूर लिहा. नवरात्रात गरबा खेळणाऱ्या मुलुंडच्या बाईचे सात दिवस आणि जुलैच्या पावसात घरात अडकलेल्या त्याच बाईचे सात दिवस एका तक्त्यात बसत नाहीत.