संपादकीय : देह, वस्त्र आणि भाषा



यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना संघटनेच्या वर्षभराच्या कार्याचा आढावा घेण्याचा मोह आम्ही आवरला आहे. तो आढावा चिटणीसांच्या अहवालात विस्ताराने आलेला आहेच. या पानावर आम्हांला आपले लक्ष एका लहानशा वाटणाऱ्या, परंतु आमच्या मते अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वेधावयाचे आहे. तो प्रश्न आहे ब्रिटनमध्ये आईवडिलांच्या मागोमाग येऊन दाखल होणाऱ्या आपल्या किशोरवयीन मुलामुलींच्या इंग्रजीचा.

तान्ह्या वयात येथे आलेल्या मुलांची चिंता करण्याचे कारण नाही. ती इंग्रजी श्वासाबरोबर आत घेतात. परंतु नागपूर, अकोला, नांदेड येथील मराठी शाळेत सातवी-आठवीपर्यंत शिकून तेराव्या-चौदाव्या वर्षी येथे येणाऱ्या मुलाची अवस्था निराळी असते. काल वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा आज शेवटच्या बाकावर गप्प बसतो. अशा मुलांसाठी रविवारी वंदनेनंतर इंग्रजीचा वर्ग असावा आणि त्याचा आरंभ आरोग्य व कपडे या विषयांनी व्हावा, अशी सूचना पुढे आली, तेव्हा काही पालकांनी नाराजी व्यक्त केली. "शर्ट-पँटची नावे आणि सर्दी-खोकला शिकवून काय साधणार? आमच्या मुलांना व्याकरण शिकवा, परीक्षेचे शिकवा," असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे देणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, देह आणि वस्त्र हे विषय आपल्या समाजाच्या इतिहासात कधीच क्षुल्लक नव्हते. अस्पृश्यतेचा अंमल सर्वांत आधी चालला तो याच दोन ठिकाणी. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना १९०१ मधील कोरेगावच्या प्रवासाचा प्रसंग स्मरत असेल. नवे कपडे ल्यालेली ती मुले मसूर स्थानकावर उतरली. त्यांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. साताऱ्यात धोब्याला पैसे देण्याची ऐपत असूनही कोणी धोबी या कुटुंबाचे कपडे धूत नसे, हेही त्यांनी तेथेच नोंदविले आहे.

त्याच लेखनात बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेले पत्र दिले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार नव्हता. अखेर तो आला, पण त्याने रुग्णाला स्पर्श केला नाही. त्याने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला लावला, आणि तो त्याच क्रमाने परत गेला. निदान न्यूमोनियाचे झाले. ती माता वाचली नाही. आम्ही व्यवसायाने वैद्यक आहोत. तापमापक हे आमच्या रोजच्या हाताळणीतले साधन आहे. परंतु हे पत्र वाचल्यापासून त्याच्याकडे केवळ साधन म्हणून पाहणे आम्हांला शक्य झालेले नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या भगिनींना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा, जात ओळखू येईल असे दागिने टाकून देण्याचा आणि स्वच्छ राहण्याचा उपदेश केला, तो याच कारणासाठी. तेव्हा आपल्या मुलीने परक्या देशात आपल्या देहाविषयी आणि वस्त्राविषयी स्वतःच्या तोंडाने, न अडखळता बोलावे, ही अपेक्षा त्या शिकवणुकीशी सुसंगतच आहे.

आता व्याकरणाच्या मुद्द्याकडे वळू. या विषयांतून व्याकरण शिकता येत नाही, हा समज चुकीचा आहे. मराठीत आपण "दोन दिवसांपासून ताप आहे" असे वर्तमानकाळात म्हणतो. म्हणून आपला मुलगा इंग्रजीतही 'आय अ‍ॅम हॅविंग फीवर सिन्स टू डेज' असे म्हणतो. तेथे 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज' असे का म्हणावयाचे, हे त्याला फळ्यावरच्या काळांच्या तक्त्यापेक्षा स्वतःच्या तापातून लवकर उमजेल. मराठीत पँट एकवचनी आहे, इंग्रजीत ट्राउझर्स सदैव अनेकवचनी. मराठीत सदरा, चष्मा आणि चप्पल या साऱ्यांना 'घालणे' हे एकच क्रियापद पुरते. इंग्रजीत घालण्याची क्रिया वेगळी आणि घातलेले असण्याची अवस्था वेगळी. कोट मापात बसतो, अंगाला शोभतो आणि विजारीशी जुळतो, या तीन गोष्टींना इंग्रजीत 'फिट', 'सूट' आणि 'मॅच' अशी तीन क्रियापदे आहेत. हे व्याकरण नव्हे तर काय?

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, आपण भारतातून आणलेले इंग्रजी येथे अनेकदा फसवे ठरते. 'पँट्स' म्हणजे येथे आतील चड्डी. शाळेत नव्याने आलेल्या मुलाने "माझी पँट्स ओली झाली" असे सांगितले, तर वर्ग का हसतो हे त्याला कळत नाही. आणि त्या हसण्यानंतर तो पुढचे कित्येक आठवडे तोंड उघडत नाही. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, 'जम्पर' म्हणजे लोकरी स्वेटर, 'प्लास्टर' म्हणजे जखमेवर लावायची चिकटपट्टीसुद्धा. 'सर्जरी'ला जायचे आहे म्हटल्यावर घरातील आजी घाबरते. पण येथे ते शस्त्रक्रियेचेच नव्हे, तर डॉक्टरांच्या साध्या दवाखान्याचेही नाव आहे. 'सिक' म्हणजे आपल्याला केवळ आजारी वाटते. 'आय हॅव बीन सिक' असे म्हटले तर येथील डॉक्टर उलटी झाली असे समजतात. 'लूज मोशन्स' हा आपल्याकडचा हुकमी शब्द येथे बहुतेकांना अपरिचित आहे.

वैद्यकीय दृष्ट्या याहून गंभीर घोटाळे संभवतात. अशक्तपणा सांगताना आपण सर्रास 'वीकनेस' म्हणतो. येथील डॉक्टर त्या शब्दाचा अर्थ हातापायातील शक्ती गेली असा घेऊ शकतात आणि तपासणी वेगळ्याच दिशेला लागते. आपल्याला म्हणावयाचे असते 'टायर्डनेस', म्हणजे थकवा. 'चक्कर येते' म्हटल्यावर डॉक्टरांना जाणून घ्यावयाचे असते की, भोवतालची खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपेलसे वाटते; कारण दोहोंची कारणे भिन्न असतात. मराठीत 'पाय' म्हणजे मांडीपासून तळव्यापर्यंत सारे. इंग्रजीत 'लेग' आणि 'फूट' निराळे. 'हाता'चीही तीच गत. 'बोट' हाताचे की पायाचे, हेही इंग्रजीत शब्दातूनच ठरते. ताप आपण फॅरनहाइटमध्ये मोजतो, येथे सेल्सिअसमध्ये. १०२ म्हणजे जवळजवळ ३९, आणि ३८ वा त्याहून अधिक म्हणजे ताप, हे हिशोब मुलांना तोंडपाठ हवेत. औषधाचे भारतातील व्यापारी नाव सांगून उपयोग होत नाही. 'क्रोसिन' नव्हे, 'पॅरासिटामॉल' हे मूळ नाव ठाऊक हवे.

येथे एक गैरसमज मात्र आरंभीच दूर केला पाहिजे. मुलांना आरोग्याची इंग्रजी शिकवावयाची ती आईवडिलांचे दुभाषे म्हणून त्यांना डॉक्टरांपुढे उभे करण्यासाठी नव्हे. हा प्रघात आपल्यात रूढ आहे आणि तो घातक आहे. चौदा वर्षांच्या मुलाकरवी आईने आपल्या मासिक पाळीची तक्रार सांगावी, किंवा मुलीकरवी वडिलांनी आपल्या निद्रानाशाचे कारण सांगावे, यात दोघांचीही कुचंबणा होते. आई अर्धे लपविते, मुलगा उरलेल्यातील अर्धे गाळतो, आणि डॉक्टरांच्या हाती पाव हिस्सा सत्य येते. शिवाय वाईट बातमी सांगावयाची वेळ आली, तर ती आधी त्या कोवळ्या जिवाच्या कानी पडते. येथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत दुभाष्याची सोय रुग्णाला विनामूल्य मिळते. वेळ ठरवितानाच ती मागावी, आणि भाषा 'मराठी' असे स्पष्ट सांगावे. भारतीय म्हणजे हिंदी, असे गृहीत धरले जाण्याची शक्यता असते. ही मागणी म्हणजे भीक नव्हे, तो हक्क आहे.

मुलांना हे शब्द हवेत ते त्यांच्या स्वतःसाठी. किशोरवयात देह बदलतो, मन अस्वस्थ होते. मुरूम, पाळी, झोप न लागणे, शाळेत होणारी चिडवाचिडवी, विनाकारण येणारे रडू: या गोष्टी कित्येक घरांत मराठीतही बोलल्या जात नाहीत, मग इंग्रजीत कशा बोलल्या जाणार? १९८५ साली येथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तत्कालीन हाउस ऑफ लॉर्ड्सने, गिलिक खटल्यात असा निर्णय दिला की, सोळा वर्षांखालील मूल उपचाराचे स्वरूप नीट समजण्याइतके परिपक्व असेल, तर ते स्वतः संमती देऊ शकते. आपल्या मुलीने डॉक्टरांना "मला आपल्याशी एकटीने बोलावयाचे आहे" असे म्हटले, तर काही पालकांना तो अपमान वाटेल. आम्ही त्यांना विनंती करतो की, त्यांनी तो अपमान मानू नये. जी मुलगी आपले दुखणे सांगू शकते, तिचे दुखणे वेळेवर बरे होण्याची आशा असते. जी सांगू शकत नाही, ती ते अंगावर काढते.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळावयास हवी. रोजच्या व्यवहाराची इंग्रजी हा उंबरठा आहे, घर नव्हे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतील भेद मांडला. नव्या देशात आलेले मूल सुमारे दोन वर्षांत सफाईने बोलू लागते; परंतु विज्ञान, इतिहास आणि निबंध यांची भाषा वर्गातील इतरांच्या तोडीने आत्मसात करावयास त्याला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. मुलगा शेजाऱ्यांशी फाडफाड बोलतो म्हणून भाषा आली असे समजून पालक निश्चिंत होतात, आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचा निकाल लागला की चकित होतात. म्हणून तापावरून तापमानाकडे, तापमानावरून विज्ञानाच्या पाठाकडे, कोटावरून कापडाकडे आणि कापडावरून गिरण्यांच्या इतिहासाकडे अशी वाटचाल वर्गाने केली पाहिजे.

आणि या वाटचालीत मराठी टाकावयाची नाही. कळ, ठणका, चमक, आग, टोचणी, हुळहुळ: वेदनेच्या इतक्या छटा मराठीत आहेत. मुलांनी घरी आजीला विचारून त्या वहीच्या एका बाजूस लिहाव्यात आणि वर्गात दुसऱ्या बाजूस इंग्रजी शब्द शोधावेत. ज्याला ठणका आणि चमक यांतील भेद मराठीत कळतो, त्याला 'थ्रॉबिंग' आणि 'शूटिंग' यांतील भेद चटकन कळतो. 'कणकण' या शब्दाला नेमका प्रतिशब्द सापडणार नाही. तो न सापडणे हाही एक धडाच आहे.

इंग्रजीविषयी आपल्या समाजाची ओढ जुनी आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. २०१० मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यातील बांका या गावी इंग्रजीला 'दलितांची देवी' मानून तिचे मंदिर उभारण्याचा संकल्पही झाला. त्या भावनेमागची तळमळ आम्ही समजू शकतो. परंतु बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपणांस नवी देवी नको. भाषा पुजावयाची नसते, वापरावयाची असते. बाबासाहेबांनी इंग्रजीची आरती केली नाही. त्यांनी तिच्यात ग्रंथ लिहिले, खटले चालविले आणि संविधानाचा मसुदा केला.

आमचा प्रस्ताव साधा आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास. पहिल्या सत्रात देहाचे अवयव व दुखणी. दुसऱ्यात दूरध्वनीवर वेळ ठरविणे, आणि १११ केव्हा व ९९९ केव्हा फिरवावयाचा हे. तिसऱ्यात औषधाच्या बाटलीवरील व कपड्याच्या आतील पट्टीवरील मजकूर वाचणे. चौथ्यात दुकानात माप विचारणे, वस्तू बदलून मागणे आणि शाळेच्या गणवेशाविषयी शिक्षकांशी बोलणे. आपल्यात परिचारिका आहेत, औषधविक्रेते आहेत, दुकानांत काम करणारे बंधू-भगिनी आहेत. यांहून चांगले शिक्षक कोठून आणणार? खर्च फक्त वह्या-पेन्सिलींचा.

ज्यांना महिन्यातून एक रविवार देणे शक्य आहे, त्यांनी आपले नाव चिटणीसांकडे द्यावे. आणि ज्या पालकांनी आक्षेप घेतला होता, त्यांनी आपल्या मुलांना प्रथम चार रविवार पाठवून पाहावे, मग निर्णय करावा. काठेवाडातील त्या मातेचा ताप तीन हातांतून फिरून डॉक्टरांपर्यंत पोहोचला. आपल्या लेकरांचे दुखणे कोणाच्याही मध्यस्थीवाचून, त्यांच्याच शब्दांत पोहोचावे, एवढीच आमची इच्छा आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!