मेक मॉड घेताय? आधी हे गणित करा

‘कुठला मेक मॉड घेऊ?’ मित्राने विचारलं, म्हणून जरा खोलात गेलो.

आत काय असतं? धातूची नळी, १८६५० सेल, बटण. बस्स. साध्या व्हेपमधली चिप शॉर्ट झाल्यावर करंट तोडते. इथे ती चिपच नाही. शाळेतला ओहमचा नियम आठवा. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.१ ओहम, म्हणजे ४२ अँपिअर! चांगल्या सेललाही सलग २०-३०च झेपतात. त्यात नळीला वायू बाहेर पडायला भोकं नसतील तर ती फुटू शकते. मे २०१८मध्ये फ्लोरिडात मेक मॉड फुटून एकाचा जीव गेला. (निकोटिनचं व्यसन हा आणखी वेगळा विषय.)

आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे मिळतो तो चोरटा माल, बिनबिलाचा. जुन्या सेलवर नवं वेष्टन चढवून ‘३० अँपिअर’ छापलं असेल, तर तपासणार कोण? तक्रार करायला जाल, तर आधी तुम्हालाच विचारतील, ‘घेतलंत कुठून?’