दोष नियंत्रण कक्षाचा की वेळापत्रकाचा?

विमान उशिरा सुटले की प्रवाशाला ठरलेले उत्तर मिळते, 'एटीसीकडून परवानगी नाही!' या उत्तरामागे कंपन्यांची कायदेशीर सोय आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१० च्या नियमांनुसार कारण हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान किंवा हाताबाहेरचे असेल तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. दोष एटीसीवर ढकलला की कंपनी मोकळी!

वस्तुस्थिती काय आहे? मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी तिच्यावर तासाला ४६ विमानांची चढ-उतार होत होती. विमाने ४० ते ६० मिनिटे आकाशात घिरट्या घालू लागली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच ही संख्या ४४ वर आणायला लावली. कारणही सरकारनेच सांगितले. विमानतळ चालकाने वेळा खच्चून वाटल्या आणि कंपन्यांनी त्या पाळल्या नाहीत. विमानतळ चालवणारे आणि विमाने उडवणारे खाजगी. बोलणी मात्र नियंत्रण कक्षातल्या सरकारी कर्मचाऱ्याने खायची, हा कुठला न्याय?

एटीसीत सुधारणा नको, असे आम्ही म्हणत नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत संदेश यंत्रणा कोलमडली आणि आठशेहून अधिक विमाने रखडली. यंत्रणा नवी हवीच. पण तिची मर्यादा भाईंदरच्या इंद्रलोकमधून रोज लोकल गाठणाऱ्या आमच्या वाचकाला सांगायला नको. सिग्नल कितीही अद्ययावत केला तरी दोन गाड्यांत अंतर ठेवावेच लागते. रूळ वाढल्याशिवाय गाड्या किती वाढणार? नवी मुंबईच्या विमानतळाला २००७ साली तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि पहिले प्रवासी विमान उडाले २५ डिसेंबर २०२५ रोजी! त्याच महिन्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी न केल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. यात एटीसीचा काय संबंध?

आज विमानात केवळ धनदांडगे बसत नाहीत. आखातात कामाला निघालेला मजूर, शिष्यवृत्तीवर परदेशी जाणारा आपला विद्यार्थी उसनवारी करून तिकीट काढतो. त्याचे पुढचे विमान चुकले तर नुकसान कोण भरून देणार?

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रवाशाला उशिरा आलेल्या रेल्वेकडून ३० हजार रुपयांची भरपाई कायम केली. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेने सिद्ध करावे, असे न्यायालयाने बजावले. सरकारी रेल्वेला लागणारा न्याय खाजगी विमान कंपन्यांना का नको? एटीसीचे नाव घेणाऱ्या कंपनीने नियंत्रण कक्षाची नोंद दाखवावी, नाहीतर भरपाई द्यावी, असा नियम सरकारने करावा. तोवर प्रवाशांनी उशिराचे कारण लेखी मागावे, तिकीट आणि पावत्या जपाव्यात आणि ग्राहक आयोगाचे दार ठोठावावे. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको!